जिन्यात अडकलेली पायपेटी

पायपेटी अकोल्याहून अमरावतीला आणायची, एवढंच देवमनराव तायड्यांनी ठरवलं होतं. एक टेम्पो, एक दोरखंड आणि एक रविवार, यापलीकडे या कामाला काही लागणार नाही असं त्यांनी बायकोला सांगितलं. ज्योत्स्नाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पेटी केवढी आहे ते विचारलं. देवमनरावांनी हात पसरून दाखवले. हात पुरले नाहीत, तेव्हा ते उठून उभे राहिले. ज्योत्स्नाबाईंनी हॉलमधल्या शोकेसकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि शोकेस बेडरूममध्ये जाईल असं जाहीर केलं. तिथवर सगळं फार सुरळीत झालं, आणि पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येऊ नये म्हणूनच बहुधा ते तसं झालं.

आता, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कपाटाएवढी पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची हार्मोनियम, कशाला हवी, हा प्रश्न समाधान अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनीच विचारला. त्याचं उत्तर असं, की देवमनराव हे नुसते पाटबंधाऱ्याचे तायडे नव्हते. वऱ्हाड संगीत मंडळीचे ते नायक होते. चांगली पंचवीसेक वर्षं. तेल्हाऱ्याला बाबासाहेबांच्या जयंतीत हा मुलगा माईकशिवाय गायला आणि बसस्टँडवरच्या माणसांनी माना वळवल्या, तेव्हा मंडळीचे मालक खुशालराव गर्दीत उभे होते. त्यांचा जुना नायक घसा बसून घरी होता. खुशालरावांनी देवमनला जीपमध्ये घातलं, अकोल्याला नेलं आणि डोक्यावर मुकुट ठेवला. मुकुट जरा मोठा होता. तो भुवयांपर्यंत येई, त्यामुळे पहिल्या प्रयोगात राजा पूर्णवेळ वर पाहून बोलला, आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, काय रुबाब आहे.

दिवसा कालव्याची मापं आणि रात्री संगीत नाटक, असा तो संसार होता. परतवाड्याला कपडे बदलायला जागा नव्हती म्हणून ते एकदा पुऱ्या राजवेषात शेअर जीपमधून परतले होते आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांनी न सांगता मांड्या आवरून जागा दिली होती. सकाळी ऑफिसात डोळ्यांतलं काजळ पुरतं निघालेलं नसे. नवीन आलेल्या उपअभियंत्यांना वाटलं की हा माणूस घरच्या कुठल्या तरी दुःखाने रात्र-रात्र रडतो. त्यांनी आपणहून रजा मंजूर केली. त्या रजेत देवमनरावांनी मूर्तिजापूरला प्रयोग केला.

मग हळूहळू बोलावणी कमी झाली. नायिकेचे गुडघे दुखू लागले, झोपाळ्यावर बसली की तिला उठवायला विंगेतून सखी पाठवावी लागे. पुढे सख्याही थकल्या. मंडळी बंद झाली ती कुणाशी भांडून नाही, नुसतीच थांबली. देवमनरावांनी गाणं सोडलं असं काही नव्हतं. पण कुणी विचारलं नाही, म्हणून ते गायले नाहीत, आणि न गाण्याची माणसाला सवय फार लवकर होते.

अशात खुशालरावांचा फोन आला. त्यांच्या गोदामाच्या जागी मंगल कार्यालय उभं राहणार होतं. मुकुट, तलवारी, पडदे केव्हाच गेले होते, फक्त पायपेटी कोपऱ्यात होती. खुशालराव म्हणाले, "घेऊन जा देवमन. नाहीतर परवा भंगारवाला येऊन राहिला. मी त्याले आपल्या तोंडानं सांगू शकत नाही, की बापा, ही घेऊन जाय."

देवमनरावांनी क्षणभरही विचार केला नाही. खरं तर तो करायला हवा होता, कारण पेटी वाजवता त्यांना येत नव्हती. नायक गातो, पेटी दुसरा कोणी वाजवतो. पण त्या क्षणी त्यांना एवढंच दिसलं की आपण आयुष्यभर जिच्या आवाजावर आवाज टेकवला ती भंगाराच्या गाड्यावर उलटी पडली आहे.

सोसायटीचे अध्यक्ष देवराव हे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. पहिल्या मजल्यावर राहायचे. जगातली कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय ती आहे असं ते मानत नसत. त्यांनी आधी पेटीचा प्रकार विचारला. सामान असेल तर नियम वेगळा, यंत्र असेल तर वेगळा, आणि व्यवसायाचं साधन असेल तर सर्वसाधारण सभा. देवमनराव म्हणाले, वाद्य आहे. देवरावांनी नियम काढले. नियमांत वाद्य नव्हतं. मग सभा झालीच. पिठाच्या गिरणीला परवानगी नाकारली असताना पेटीला का, असा मुद्दा एकाने मांडला. हिच्यात भाता असतो म्हणजे धूर निघेल काय, असं दुसऱ्याने विचारलं. एका बाईंनी सुचवलं की गाणं फोनवर ऐकावं, तो जिन्यातून नेता येतो. दोन तास चर्चा होऊन ठरलं, की जड वस्तू फक्त रविवारी दुपारी, लोक झोपलेले असताना न्यावी. झोपलेल्या लोकांना त्रास होणार नाही का, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे शालिकराम या सभेला नव्हते. ते भाजी-फुलांचे जुने व्यापारी. त्यांच्या मुलीला, साधनाला, पाहायला शेंदूरजनाघाटची मंडळी कधी येणार याची बोलणी त्या संध्याकाळी चालू होती. ती भेट कधीची ठरली हे देवमनरावांना कुणी सांगितलं नाही, आणि सभेत काय ठरलं हे शालिकरामांना कुणी सांगितलं नाही. सभांचं असंच असतं.

देवरावांनी मात्र आपलं काम चोख केलं. फीत घेऊन जिना मोजला, वळण मोजलं, कागदावर तिरकी रेघ ओढली आणि पेटी बोटभर जागा ठेवून वळेल असं सांगितलं. कठडा मोजायचा राहिला.

रविवारी सकाळी अकोल्याच्या गोदामात पेटी दिसली तेव्हा देवमनराव थोडा वेळ दारातच उभे राहिले. वर सरकीची धूळ बसली होती. त्यांनी रुमालाने पुसली तर खालून ते जुनं तांबूस सागवान हसलं. टेम्पोवाला मोतीराम हा बोलका माणूस होता. त्याने पेटीला चारही बाजूंनी पोत्यांनी गुंडाळलं आणि साहेबांना केबिनमध्ये बसायला सांगितलं. साहेब केबिनमध्ये बसायला तयार होईनात. ते मागे, पेटीला पाठ लावून, पोत्यावर बसले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. वाऱ्याने डोक्यावरचे उरलेले केस उभे राहिले होते, पण नायकाला पाठीमागे पेटी असल्याचा भरवसा असला की केसांचं काही वाटत नाही.

बडनेऱ्याच्या पुढे पोलिसांनी टेम्पो थांबवला. हवालदाराने मागे डोकावून काय आहे ते विचारलं.

"पेटी," देवमनराव म्हणाले.

हवालदाराचा चेहरा एकदम कामाला लागला. "कायची? देशी का इंग्लिश?"

देवमनराव खोटं बोलणारे नव्हते. आतले सूर कुठून आलेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते अभिमानाने म्हणाले, "जर्मन."

हवालदाराने साहेबांना खाली उतरवलं, मोतीरामला उतरवलं आणि पोती सोडायला लावली. जर्मन माल या रस्त्यावर त्याने कधी पकडला नव्हता. पोती निघाली, झाकण उघडलं, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दिसल्या तरी त्याची खात्री पटेना. वाजवून दाखवा, असा हुकूम झाला. देवमनरावांनी जन्मात पहिल्यांदा पेटीच्या भात्यावर पाय मारला आणि एक पट्टी दाबली. आतून हरवलेल्या वगारीसारखा एक लांब हंबरडा आला, आणि त्याच्या मागोमाग एक उंदीर बाहेर पडून हवालदाराच्या बुटावरून रस्त्याच्या कडेला गेला. हवालदार थोडा वेळ तो गेला त्या दिशेकडे पाहत राहिला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "न्या जी. न्या तुमची पेटी."

मोतीराम पुढचा सगळा रस्ता हसत होता. देवमनराव मागे पोती पुन्हा पेटीभोवती आवळत होते. आपल्याला पाहून पूर्वी माणसं उठून उभी राहत, आता झडती घेतात, हा विचार त्यांच्या मनात आला आणि पंचवटी चौकापर्यंत टिकला.

समाधान अपार्टमेंटमध्ये पेटी उचलायला मोतीराम, खालच्या हार्डवेअरच्या दुकानातले दोघे आणि देवराव असे चौघे होते. देवराव उचलत नव्हते, सांगत होते. डावीकडे घ्या, म्हणजे माझ्या डावीकडे. ज्योत्स्नाबाई दही आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. तायड्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिला मजला गेला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर, वळणावर, पेटी उभी झाली, कठड्याला टेकली आणि तिथे बसली. पुढे जाईना. मागेही येईना. देवरावांनी कागद काढून पाहिला आणि कागदाप्रमाणे पेटी आत्तापर्यंत वर गेलेली आहे असं सांगितलं.

मग सल्ले सुरू झाले. कठड्याला तेल लावा. पेटीला साबण लावा. दोरीने वर ओढा, खालून रेटा, दोन्ही एकदम करा. दोन्ही एकदम केलं तेव्हा पेटी आणखी घट्ट झाली. आता खालचा माणूस वर जाऊ शकत नव्हता आणि वरचा खाली येऊ शकत नव्हता. पेटीचं तोंड, म्हणजे पट्ट्या आणि भाता मारायचे पायाखालचे पावडे, वरच्या पायऱ्यांकडे होतं. पाठ खाली होती. देवमनराव पाठीकडे, पायरीवर उभे होते, घामाने निथळत.

त्याच वेळी गेटपाशी गाडी थांबली.

शालिकराम तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली आले ते पेटीपर्यंतच. नवा सदरा, कपाळाला गंध. त्यांनी पलीकडून मान उंच करून पाहिलं आणि आवाज दाबून विचारलं, "तायडेभाऊ, हे काय करून राहिले तुमी? शेंदूरजन्याचे पाहुणे आले ना."

देवमनरावांचा चेहरा मुकुट घसरलेल्या राजासारखा झाला. वर शालिकरामांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, पोहे टाकले होते, शिरा तयार होता, साधना साडी नेसून बसली होती, आणि खाली पाहुणे जिना चढू लागले होते. मुलगा मनोज पुढे होता. संत्र्याची बाग सांभाळणारा, उन्हाने रापलेला, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. त्याच्यामागे त्याची आई जाईबाई, प्रत्येक पायरीला कठड्याशी सल्लामसलत करत. त्या वळणाशी आल्या, पेटी पाहिली, घामाघूम देवमनरावांकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "हे पेटी दुरुस्तीवाले दिसून राहिले."

देवमनरावांना ते फार लागलं. पण खुलासा करायची ती वेळ नव्हती. देवरावांनी आपल्या घरून खुर्च्या आणून पायऱ्यांवर ठेवायचा प्रयत्न केला, त्या पायऱ्यांवर मावेनात. शेवटी पाहुणे पायऱ्यांवरच बसले, जाईबाई सगळ्यांत वर. दही घेऊन परतलेल्या ज्योत्स्नाबाईंना खालच्याच पायरीवर जागा मिळाली आणि पुढे काय चाललंय ते त्यांना नुसतं ऐकू येत होतं. पार्बताबाईंनी पोह्यांच्या बशा पेटीच्या डोक्यावरून पलीकडे दिल्या. पहिलीच बशी सागवानावर टेकताना देवमनरावांनी आपला रुमाल खाली सारला. त्यांचं सगळं लक्ष तेलाच्या डागावर होतं.

पोहे संपले. शिरा संपला. मग शांतता पसरली, आणि ती पोह्यांपेक्षा जास्त वेळ टिकली. पाहायला आलेली मुलगी पेटीच्या पलीकडे, पायऱ्यांवर बसली होती. इकडून फक्त तिच्या केसांतला गजरा दिसत होता. जाईबाईंनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाल्या, "पोरगी तं दिसून नाही राहिली. आवाज तरी येऊ द्या."

पलीकडून साधनाचा आवाज आला, "मले मात्र सगळे दिसून राहिले. काय बोलू?"

शालिकरामांनी कपाळाला हात लावला. मनोजने पहिल्यांदा मान वर केली.

शालिकरामांना काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी पेटीच्या फटीतून देवमनरावांना गाठलं आणि जवळजवळ हात जोडले. "तायडेभाऊ, तुमी गात होते म्हणतात ना नाटकात. काहीतरी म्हणा. पाहुणे उठून चालले तं मी काय करू?"

कित्येक वर्षांनी कुणी विचारलं होतं. असं जिन्यात, पोह्यांच्या बशांमध्ये, गरजेपोटी विचारलं होतं, पण विचारलं होतं. देवमनरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग ती उगाच वाटली म्हणून सोडून दिली. आवाज निघेल का याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सूर पायजे होता."

"मी देऊ काय?" साधनाने विचारलं. "हार्मोनियमच्या परीक्षा दिल्या मी. पण ही पायाची आहे."

बसायला वरची पायरी बरोबर उंचीची होती. पावडे तिच्या पायांखाली येत होते. तिने साडी सावरून पाय मारले, आणि ती पेटी, जिने सकाळी हंबरडा फोडला होता, आता जरा खोकली आणि मग बोलू लागली. भात्याला कुठेतरी भोक होतं. सूर थरथरत होता. पण सूर होता.

देवमनरावांनी डोळे मिटले. 'संगीत शृंगारशिखर' मध्ये नायक महालाच्या पायऱ्यांखाली उभा राहून वर सज्ज्यातल्या राजकन्येला आळवतो, ते पद त्यांच्या ओठांवर आलं. "उतरुनी ये, चंद्रिके, तू या मनाच्या पायरीवरी." सुरुवातीला आवाज खरखरीत होता. दुसऱ्या ओळीला तो सैल झाला. तिसऱ्याला जिन्याने तो उचलला, कारण जिन्यासारखा घुमणारा हॉल अमरावतीत दुसरा नाही. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं, मग तळमजल्यावरचं. वरच्या षड्जाला मात्र घात झाला. ते चढले आणि आवाज मध्येच फाटला. पूर्वी तिथे टाळ्या पडत. आता कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहू नये असं त्यांना वाटलं. पण पलीकडे साधनाने हात न थांबवता खालच्या सुरावर उतरून तीच ओळ पुन्हा वाजवली, जणू ती तशीच होती, आणि देवमनराव तिच्यामागे खालच्या पट्टीत आले. तिथे आवाज भरदार होता. म्हातारा झाला होता, पण घरचा वाटत होता. त्यांनी ओळ घोळवली, परत घोळवली, आणि पद संपवलं तेव्हा बाहेर रस्त्यावरची एक स्कूटी बंद होऊन थांबली होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जाईबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि देवमनरावांना म्हणाल्या, "तुमाले मी दुरुस्तीवाले म्हटलं. मनावर घेऊ नका."

"नाही जी," देवमनराव म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच मनावरून काढून टाकलं.

मनोज उठला. पेटीपाशी येऊन त्याने पलीकडे मान घातली. "पाय मारता मारता बोलता येते काय?" त्याने विचारलं.

"येते," साधना म्हणाली. "पण थांबलं की सूर बंद होते."

"मंग नका थांबू."

ती थांबली नाही. खर्जातला एकच सूर धरून ती पाय मारत राहिली आणि दोघं बोलत राहिले. काय बोलले ते त्या सुरामुळे पाठीमागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही. लग्न जमवण्याच्या कामात वडीलधाऱ्यांची अशी अडचण पूर्वी कधी झाली नसेल. संत्र्याला पाणी कधी द्यायचं याबद्दल काहीतरी होतं, आणि एकदा दोघंही हसले, एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं. जाईबाईंनी शालिकरामांकडे पाहून मान हलवली. शालिकरामांनी घाईघाईने शिऱ्याची दुसरी बशी पेटीवरून पाठवली.

पाहुणे गेले तेव्हा ऊन उतरलं होतं. होकार निघताना जिन्यातच मिळाला होता. शालिकराम इतके मोकळे झाले होते की त्यांनी कठडा कापायचा हुकूम दिला, सोसायटीचं नंतर पाहू म्हणाले. देवरावांनी कठडा ही सामाईक मालमत्ता असल्याची आठवण करून दिली, पण पार्बताबाईंनी त्यांच्या हातात शिऱ्याची वाटी ठेवली. हार्डवेअरच्या दुकानातून पाना आला. कठडा कापावा लागलाच नाही, नुसते नटबोल्ट काढले तर तो अलगद बाजूला झाला. पेटी वळली, दुसऱ्या मजल्यावर चढली आणि तायड्यांच्या हॉलमध्ये शोकेसच्या जागी जाऊन उभी राहिली. देवरावांनी कठडा परत बसवताना फीत लावून त्याची रुंदी मोजली आणि कागदावर लिहून ठेवली.

मोतीराम निघताना म्हणाला, शेंदूरजन्याच्या लग्नात पेटी न्यायची असेल तर मलेच सांगा. साहेब मागे बसले तरी चालतील, असंही म्हणाला.

सगळे गेल्यावर ज्योत्स्नाबाईंनी दही भांड्यात काढलं. ते बऱ्यापैकी आंबट झालं होतं. देवमनराव पेटीच्या डोक्यावरचा तेलाचा डाग पुसत होते. तो जात नव्हता. बायकोने आतापर्यंत गाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि ज्या अर्थी काढला नव्हता त्या अर्थी तिला काहीतरी म्हणायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"वरचा सा नाही लागला तुमचा," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नाही लागला," देवमनराव म्हणाले.

भाकरी तव्यावर उलटल्याचा आवाज झाला.

"खालचा मात्र चांगला लागला. आधी काहून नाही लावला तुमी तो कधी?"

देवमनरावांनी या प्रश्नावर विचार केला. नायकाने खालच्या पट्टीत गायचं नसतं, असं उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं होतं. पण ते आता तितकंसं खरं वाटेना. "कोणी सूर दिला नव्हता," ते शेवटी म्हणाले.

"ती पोरगी म्हणे, लग्न होईपर्यंत रोज येते पेटीवर बसायले. पुढं तुमचं तुमी पाहा." ज्योत्स्नाबाईंनी ताट वाढलं. "आता या. निवून राहिलं."

देवमनरावांनी झाकण लावलं, फडकं खिडकीत वाळत टाकलं आणि पाटावर येऊन बसले. वांग्याची भाजी होती, भाकर होती, आंबट दही होतं. दह्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी भाकर मागून घेतली, मग आणखी एक मागून घेतली, आणि तिसरी मागितली तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी कणगीत ज्वारी उरली आहे की नाही, ते उठून पाहिलं.